सत्ताविसावी ओळ

दुपारी तीनच्या पुढे कधीतरी माझ्या स्क्रीनवर एक हिरवा चौकोन उमटायचा. आधी तो तक्त्याच्या सगळ्यात वरच्या घरात थोडा वेळ थांबायचा, मग एकेक घर खाली उतरू लागायचा. तो चौकोन चालवणारा माणूस वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसलेला असायचा, आणि मी चंद्रपुरात. मधे मूल आणि सावली ही गावं, नदीवरचा लांबलचक पूल आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाकलेलं जंगल. एवढं सगळं ओलांडून त्याचं बोट माझ्या समोरच्या काचेवर एक अक्षर उमटवायचं, थांबायचं, मग दुसरं उमटवायचं. मी हातातलं काम सोडून बघत राहायचे. कामाच्या वेळात असं बघत बसणं माझ्या स्वभावात नव्हतं, पण बसायचे.

दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. तलावात मासेमारी करणाऱ्या गावांसोबत काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी नोकरीला होते. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की टेबल हलकंसं थरथरायचं आणि संध्याकाळपर्यंत की-बोर्डवर पिठाचा पातळ थर बसायचा. माझ्याकडे याद्या होत्या: गावं, तलाव, माणसं, जाळी. ते काम मी जीव लावून करायचे आणि दुसऱ्या कुणाला त्यात हात घालू द्यायचे नाही.

हे घरातून आलं होतं. माझे अब्बा शिंपी. लहानपणी माझ्याकडे दुकानातलं एकच काम होतं, शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचं. अब्बा शर्ट उलटा करून उजेडात धरायचे. एखादा धागा राहिलेला दिसला तर बोलायचे काही नाहीत, फक्त माझ्याकडे बघायचे. त्या नजरेनं मी घडले. घरात बोलणं हिंदीत, शाळा मराठीत आणि हिचा राग दोन्हींत, असं अम्मी माझ्याबद्दल पाहुण्यांना सांगायची. एखाद्या यादीत जादाचं टिंब किंवा रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवायचे.

पलीकडच्या माणसाला मी भाऊ म्हणायचे. पन्नाशीचा माणूस, स्वतः ढिवर, म्हणजे मासेमार समाजातला, संस्थेचा तिकडचा कार्यकर्ता. सकाळी सायकलनं गावात जायचा, वहीत लिहून आणायचा, आणि दुपारी तालुक्याच्या केंद्रात बसून एका बोटानं टाइप करायचा. नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती, तरी आमची भेट झालेली नव्हती. पूर्वी त्याच्या याद्या फ्लॉपीत भरून एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ यायच्या. मी स्टँडवर जाऊन घ्यायचे आणि उघडून बघायचे तर सगळ्या नावांच्या जागी चौकोन, फुल्या आणि प्रश्नचिन्हं, कारण त्याच्याकडचा फॉन्ट वेगळा आणि माझ्याकडचा वेगळा. एका अख्ख्या गावाची माणसं अशी फुल्या होऊन आली की मला रडू यायचं ते दुःखानं नव्हे, चिडीनं.

मग नागपूरहून आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं, की इंटरनेटवर असा तक्ता फुकट मिळतो. तो कुणाच्याच कॉम्प्युटरवर नसतो. दोघांनी दोन गावांतून एकाच वेळी उघडायचा आणि दोघांनी त्यात लिहायचं. फुकट म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांच्या भुवया वर जातात, तशा माझ्याही गेल्या. तक्ता कुठे असतो मग, असं मी विचारलं. पाहुण्यानं हात हवेत फिरवला. मला वाटलं हा चेष्टा करतोय. पण पहिल्यांदा तो हिरवा चौकोन माझ्यासमोर हलला, कुणीही दिसत नसताना हलला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तिकडे फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर होतं. भाऊ तक्त्यात असला की त्याला फोन लागायचा नाही, आणि फोनवर बोलायचं तर तक्ता बंद. म्हणून आम्ही बोलायचं ते तक्त्यातच बोलायचो. शेवटच्या रकान्यावर मी 'शेरा' असं लिहून ठेवलं होतं. माझं लिहिणं शुद्ध, पूर्णविरामासकट. त्याचं त्याच्या बोलीत.

'लाईन जाऊन राह्यली बाई. आली का सांगतो.'

'ठीक आहे, भाऊ. मी थांबते.'

कधी काम संपलेलं असायचं आणि तरी दोघांपैकी कुणी तक्ता बंद करायचं नाही. खालची गिरणी थांबलेली, खिडकीतून येणारी हवा कोळशाच्या वासाची, डोळ्यांवर गुंगी. मी लिहायचे, तिकडे काय दिसतंय? हिरवा चौकोन बराच वेळ नुसता उभा राहायचा. मग एकेक अक्षर उमटायचं. 'खिडकीसमोर मोह आहे. खाली एक बाई पानं झाडून राह्यली.' मी डोळे मिटले की ती बाई मला दिसायची, झाडूचा आवाजसुद्धा ऐकू यायचा. मी जंगलाच्या जिल्ह्यात जन्मले, पण दुकान आणि शाळेच्या पलीकडे फार गेले नव्हते. माझं जंगल त्या शेऱ्याच्या रकान्यातून हळूहळू आत आलं. संध्याकाळी मी असली सगळी वाक्यं पुसून टाकायचे. तक्ता स्वच्छ असला पाहिजे.

एका हिवाळ्यानंतर एका गावाच्या तलावाचं काम आलं. तलावाचा ठेका गावच्या मच्छीमार सोसायटीच्या नावानं नव्यानं व्हायचा होता आणि त्यासाठी तलावात जाळं टाकणाऱ्या घरांची यादी तालुक्याच्या ऑफिसात द्यायची होती. यादीत घर असेल तर हक्क. नसेल तर ठेक्याची मुदत संपेपर्यंत त्या घरानं पाण्यात पाय घालायचा नाही. भाऊ चार दिवस गावात जाऊन बसला आणि मग तक्ता भरू लागला. मी त्याच्या मागोमाग काना-मात्रा नीट करत खाली येत होते. सव्वीस नावं झाली आणि सत्ताविसावी ओळ रिकामी आली. अठ्ठाविसावीपासून पुन्हा नावं.

मी ती ओळ काढून टाकली. अनुक्रमांक आपोआप बदलतील अशी सोय मीच करून ठेवली होती, त्यामुळे अठ्ठावीसचा सत्तावीस झाला आणि यादी सलग दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी उघडते तो ओळ परत तिथेच. मला हसू आलं. जाळ्याच्या दोरानं चरे पडलेलं त्याचं जाड बोट, एन्टरवर एकदाऐवजी दोनदा पडत असणार. मी काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा होती. मी पुन्हा काढली. असं आमचं आठ-नऊ वेळा चाललं. शेऱ्यात लिहून विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. पण वयानं मोठ्या माणसाला 'तुमचं बोट घसरतंय' असं कसं लिहायचं? आणि त्याला, हे मला मागाहून कळलं, वाटत होतं, की कॉम्प्युटरला रिकामी जागा चालत नसेल, तो आपोआप मिटवत असेल. चंद्रपूरच्या बाईला कशाला सांगायचं, तिला वाटेल याला मशीन येत नाही. दोघंही एकमेकांची लाज राखत होतो. शेवटच्या दिवशी मी यादीवरून डोळ्यांत तेल घालून नजर फिरवली, रिकामी ओळ काढली, कागद छापले आणि पाठवून दिले. चाळीस घरं. इतकी देखणी यादी मी त्याआधी केली नव्हती.

ऑफिसानं यादी गावात लावली. आठ दिवसांत प्रत्येकानं आपल्या नावासमोर अंगठा किंवा सही द्यायची, हरकत असेल तर सांगायची. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. भाऊचा आवाज मी त्याआधी फार तर पाच-सहा वेळा ऐकला असेन.

"बाई, अठ्ठावीस नंबरचा बुढा अंगठा देऊन नाई राह्यला."

"का?"

"म्हणते, मले सत्तावीस नंबर देला. ती जागा माझी नाई. तिथी दुसरा बसते."

माझ्या नाकावर राग आला. एका आकड्यासाठी अडून बसायचं? नाव बरोबर आहे ना, मग नंबर कुठला का असेना, असं मी म्हणाले. तारेवर नुसती खरखर. मग भाऊ म्हणाला, "बाई, ती ओळ रिकामी नोती."

त्या गावाची रीत त्यानं मला फोनवर सांगितली. मासे निघाले की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळसाच्या पानांवर त्यांचे वाटे मांडतात. एकेचाळीस घरं, एकेचाळीस वाटे, आणि कुणी कुठे बसायचं ते आजा-पणज्यापासून ठरलेलं. त्या घरचा माणूस परगावी कामाला गेला असेल तरी त्याचा वाटा त्याच्या जागेवर पडतोच. पण तो परत येईपर्यंत वाटे मोजताना त्याचं नाव घ्यायचं नाही. एकानं नाव म्हणायचं, पुढच्यानं आपलं म्हणायचं, आणि त्या जागेवर सगळ्यांनी क्षणभर गप्प राहायचं. मोजणीत नाव घेतलं तर वाट लांबते, माणूस परतत नाही. भाऊ पाळीवर बसून लिहीत होता, वाट्यांच्या क्रमानं लिहीत होता, म्हणून तो त्या जागी गप्प राहिला होता. सत्ताविसाव्या घरचा माणूस आंध्रात मिरची तोडायला गेला होता. मागे बायको आणि दोन पोरी होत्या.

"तो आला का मी भरणार होतो," भाऊ म्हणाला. "होळीपर्यंत येते तो."

होळी होऊन गेली होती. फोन ठेवून मी तक्ता उघडला. मी जे कापलं होतं ते एक अख्खं घर होतं.

तालुक्याच्या साहेबांना भाऊ भेटून आला. माणूस वाईट नव्हता, कागदाचा होता. मूळ यादीत हे घर होतं आणि नंतर चुकून सुटलं, असं दाखवा, मी जोडतो, असं ते म्हणाले. दाखवायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. मग तक्त्याच्या वरच्या पट्टीत चाचपडताना एक जागा सापडली, जिथे मी कधी गेले नव्हते. तिथे त्या तक्त्याच्या सगळ्या जुन्या प्रती होत्या. पहिल्या दिवसापासूनच्या. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणी काय बदललं, सगळं. त्या फुकटच्या तक्त्यानं काहीही टाकून दिलेलं नव्हतं.

मी एकेक प्रत उघडत गेले. ओळ आहे. ओळ नाही, आणि शेजारी माझं नाव. ओळ आहे. ओळ नाही, माझं नाव. नऊ वेळा. आणि त्याच प्रतींत मी संध्याकाळी पुसून टाकलेली ती सगळी वाक्यंही जशीच्या तशी उभी होती. मोहाखालची बाई होती. 'आज मोर आला होता, तुमी असत्या तं दिसला असता.' 'बाई, झोपल्या का?' दुपार उतरून गेली तरी मी वाचत बसले. आपण जे स्वच्छ केलं असं समजत होतो ते कुठेतरी तसंच पडून आहे, याचं मला भय वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं.

संस्थेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, तांत्रिक अडचण आली असं पत्र देऊ, तुझं नाव कशाला. मला तो मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण साहेबांनी प्रत मागितली होती, आणि प्रतीवर माझं नाव होतं. नऊ कागद छापून मी पिशवीत घातले आणि सकाळची गाडी पकडली.

वैनगंगेचा पूल मी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. खाली पाणी थोडंच होतं, वाळू जास्त, आणि वाळूत दोन बगळे. पुढे जंगल सुरू झालं तशी मला त्या रस्त्याची ओळख पटू लागली, न बघितलेल्या रस्त्याची. मोह पडत होता. फुलांच्या गोड वासानं गाडीतली निम्मी माणसं पेंगत होती आणि मीही अर्धवट झोपेत होते. झोपेत मी रकान्यांतून खाली खाली चालले होते आणि प्रत्येक घराच्या दारात कुणीतरी बसलेलं होतं.

तालुक्याला उतरले तेव्हा भाऊ उभा होता. मी कल्पना केली होती त्याहून तो बुटका होता. "आल्या बाई," एवढंच म्हणाला, आणि माझी पिशवी घेतली. ऑफिसच्या व्हरांड्यात गावाची सात-आठ माणसं जमली होती. अंगठा न देणारा म्हातारा होता. आणि भिंतीला टेकून, निळ्या साडीतली, तिशीची एक बाई. ती कोण ते मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी नऊही कागद नीट पाहिले. चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "हे नाव तुमचंच?"

"हो. ओळ मी काढली. दर वेळी मीच."

"पण मॅडम, ओळ तर कोरीच आहे. कोऱ्या ओळीला हक्क कसा देऊ?"

म्हातारा पुढे झाला. "साहेब, जागा तिच्या घरची आहे. मी तिच्या बाजूले बसतो. माझ्या बापापासून बसून राह्यलो."

"जागा मान्य केली. सभासदाचं नाव काय?"

कुणी बोललं नाही. पंखा फिरत होता. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. भाऊ स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "अहो, कुणीतरी एकानं सांगा," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. नवऱ्याचं नाव न घेण्याची बायकांची रीत मला ठाऊक होती. ही ती नव्हती, ही मोजणीची रीत होती. ही बाई एरवी पाळीवरून नवऱ्याला त्याच्या नावानं हाका मारायची, असं भाऊनंच मला सांगितलं होतं.

मला एक उपाय सुचला आणि मी हुशारीनं बोलून गेले. "साहेब, हिचंच नाव लिहा ना. मासे हीच विकते, घर हीच चालवते."

"लिहितो की," साहेब म्हणाले. "पण सभासद तो आहे. त्याच्या जागी हिला घ्यायचं तर वारस म्हणून घ्यावं लागेल. म्हणजे तो मयत आहे असं लिहावं लागेल. लिहू?"

त्या शब्दासरशी भिंतीजवळच्या बाईनं मान वर केली. तिनं भाऊकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मग ती टेबलाजवळ आली, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, आणि नवऱ्याचं नाव सांगितलं. त्याचं, मग त्याच्या बापाचं. आवाज मोठा होता. तो जिवंत आहे हे तिला नक्की करून टाकायचं होतं. साहेबांनी लिहिलं, तिनं अंगठा दिला, म्हाताऱ्यानं अठ्ठावीस नंबरसमोर दिला. पाच मिनिटांत काम संपलं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

बाहेर काळीपिवळी जीप उभी होती. गावची माणसं पुढे बसली, ती एकटी मागे. कुणी तिला टाकून बोललं नाही, पण कुणी तिच्या शेजारीही बसलं नाही. मी खिडकीशी गेले. काय बोलणार होते देव जाणे.

"ती ओळ तुमी काढली म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"काऊन?"

"रिकामी होती म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग गाडी सुरू झाली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त त्यांचा रंग आठवतो. चंद्रपूरचं ऊन वाढत होतं. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. दुपारी मी तक्ता उघडायचे आणि सत्ताविसाव्या ओळीसमोर बसायचे. आता तिथे नाव होतं, बापाचं नाव होतं, वय होतं, जाळ्याचा प्रकार होता. ओळ भरली होती आणि ती बघून माझा जीव कासावीस व्हायचा. मिरची तोडून गावाकडची माणसं ट्रकनं परत आली. तो त्यांच्यात नव्हता. आणखी पुढच्या कुठल्याशा गावात कामाला गेला म्हणे, कुठल्या ते कुणाला ठाऊक नाही. हे भाऊनं शेऱ्यात लिहिलं आणि लगेच तक्ता बंद केला. मोराची, मोहाची वाक्यं आता यायची नाहीत. मीही विचारायचे नाही.

मी असल्या गोष्टी मानत नाही. शिकलेली मुलगी, कॉम्प्युटरवर काम करणारी. मनाशी रोज म्हणायचे, की नाव घेतल्यानं कुणाची वाट लांबत नाही. आणि रोज संध्याकाळी नमाजनंतर माझे हात जास्त वेळ वर राहायचे. अम्मीनं एकदा विचारलं, "किसके लिए माँग रही है इतना?" मी सांगायला तोंड उघडलं, आणि ते नाव माझ्या तोंडून निघेना. एका मासेमाराकरता, एवढंच म्हणाले.

एके दुपारी हिरवा चौकोन उगवला तो थेट सत्ताविसाव्या ओळीत. वरून उतरत आला नाही. शेऱ्याच्या घरात जाऊन उभा राहिला. खाली गिरणी चालू होती, टेबल थरथरत होतं. मी खुर्चीची कड धरली. एक 'आ' उमटला. मग काहीच नाही. लाईन गेली असं वाटलं. मग 'ल'. मग काना.

आला.

मी टेबलावर डोकं ठेवलं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. सरांना वाटलं घरी काही झालं. गालाला पीठ लागलं होतं ते मला घरी जाऊन आरशात दिसलं.

दुसऱ्या रविवारी मी गावात गेले. भाऊ सायकल हातात धरून शेजारी चालत होता. तलाव उन्हानं आकसला होता, पण होता, आणि कडेच्या गाळात बायका झिंगे गोळा करत होत्या. ती त्यांच्यातच होती. तिचा नवरा पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होता, उन्हानं रापलेला, दाढी वाढलेला, हसऱ्या चेहऱ्याचा. मला बघून उठला, "बसा बाई," म्हणाला, आणि पुन्हा दोरा ओवू लागला. त्याला कुणी काही सांगितलेलं दिसलं नाही.

ती पाण्यातून वर आली. पाय घोट्यापर्यंत चिखलानं काळे. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माफी मागितली. हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. माझी चूक झाली, न विचारता केलं, तुम्हाला ते बोलावं लागलं, असं काय काय म्हणाले. ती ओले हात साडीला पुसत ऐकत होती. मला वाटलं आता ही म्हणेल, जाऊ द्या बाई, झालं ते झालं. सगळेच तसं म्हणतात.

"तो आला," ती म्हणाली. "आला म्हणून मी तुमच्यासंग बोलून राह्यली. आला नसता तं मी तुमाले माफ नसतं केलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरं तेच सांगत होती. मी मान हलवली. तिच्या जागी मी असते, तर मीही केलं नसतं.